रकान्याबाहेरचं दूध



ज्या गुरुजींच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या ओसरीवर माझं अर्धं शिक्षण झालं. शाळेत त्यांनी गणित शिकवलं आणि ओसरीवर अर्ज लिहायला शिकवले. दिवेलागणीला कुणी जळालेल्या गंजीचा, कुणी मेलेल्या बैलाचा अर्ज लिहून घ्यायला यायचं. सांगता सांगता माणूस गहिवरायचा. गुरुजी सगळं ऐकून घ्यायचे आणि मग विचारायचे, "पेंढ्या किती होत्या?" बैल मेला असेल तर, "किती दाती होता?" गहिवर ते अर्जात जाऊ द्यायचे नाहीत, आकडा तेवढा जाऊ द्यायचे. पुढं मी तीसेक वर्षं विकास सोसायटीचा गटसचिव म्हणून काम केलं, तेव्हा एक गोष्ट कळली, जी गुरुजींनी सांगितली नव्हती. पेंढ्यांचा आकडा तुम्ही कितीही नेटका काढा, छापील नमुन्यात पेंढ्यांचा रकानाच नसतो. रकाना असतो गट नंबरचा.

आज मला त्या रकान्याबद्दल बोलायचं आहे. पत्रिकेवर 'कोरोनाकाळातील शेतकऱ्यांना मिळालेली सरकारी मदत' असा भारदस्त विषय छापलाय. तो बरोबर आहे, पण बोलणार मी दुधाबद्दल. कारण आपल्या पारनेर तालुक्यात शेती पावसावर आणि प्रपंच दुधावर चालतो. बाजरी, मूग, कांदा साधला तर साधला. घरातला किराणा, पोरांची फी, दवाखाना हे सगळं दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या पगारातून होतं. आपण त्याला 'पगार'च म्हणतो. शेतमालाला 'पट्टी' म्हणतो, उसाला 'पेमेंट' म्हणतो, पण दुधाचा मात्र पगार. नोकरीसारखा तो नियमानं येतो, आणि नोकरीसारखंच रोज पहाटे चार-साडेचारला हजर राहावं लागतं.

एप्रिल २०२० मधली एक सकाळ सांगतो. निवृत्त झालो होतो, पण घरात दोन गायी, म्हणून किटली घेऊन संकलन केंद्रावर जाणं चुकलं नव्हतं. रस्त्यावर चुन्याचे गोल आखलेले. माणसानं गोलात उभं राहायचं, किटली पुढच्या गोलात ठेवायची. तोंडाला कुणाच्या उपरणं, कुणाच्या पदर, कुणाच्या एमआयडीसीतल्या कंपनीनं दिलेला निळा मास्क. हायवे इतका सुनसान की पवनचक्कीच्या पात्याचा आवाज आपल्या सुप्यात ऐकू येतो की काय असं वाटावं. आत पोरगा नमुना घेतोय, मशिनवर फॅट आणि एसएनएफ उमटतंय, पावती बाहेर पडतेय. पावतीवर तोच साडेतीन-साडेआठ, तीच गाय, तेच दूध. फक्त दराच्या जागी आकडा वेगळा. तीस-बत्तीसचा दर बावीस झाला, मग वीस, आणि पुढं काही डेअऱ्यांवर अठराच्याही आसपास गेला. मुंबई-पुण्याची हॉटेलं, चहाच्या टपऱ्या, मिठाईची दुकानं, लग्नं सगळं बंद. दूध मात्र बंद होत नाही. गायीला लॉकडाऊन सांगता येत नाही. सड तुंबले की मस्टायटिस. म्हणून काढायचं, घालायचं आणि मिळेल तो दर घ्यायचा.

त्या रांगेत आमच्या शेजारच्या वस्तीवरची एक बाई होती. नाव घेत नाही, ती कदाचित आत्ता इथंच मागं बसली असेल. चार गायी, दोन्ही वेळचं मिळून चाळीसेक लिटर दूध. नवरा एमआयडीसीत कंत्राटी, काम बंद म्हणून घरी. तिनं पदराआडून मोबाईल काढला. "भाऊसाहेब, म्हाताऱ्याच्या मोबाईलवर मेसेज पडलाय. दोन हजार आलेत म्हणतो. काढायचे कसे?" म्हातारा म्हणजे तिचे सासरे. ते दिवाळीतच गेले होते. पैसे चैत्रात आले.

मी विचारलं, "वारस नोंद झाली का?"

"कशी व्हायची? आधी दहावं-तेरावं झालं, मग कांदे आले, आता ऑफिसंच बंद."

सरकारनं आपल्या हिशोबानं मदत वेळेत पोचवली होती. गेलेल्या माणसाला पोचली, पहाटे चारला उठून धारा काढणारीला नाही पोचली. यात कुणी लबाडी केली असं नाही. यंत्रणेनं रकान्यात पाहिलं, रकान्यात म्हातारा होता.

आता तो दोन हजारांचा हिशोब नीट मांडू. २६ मार्च २०२० ला केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटींचं गरीब कल्याण पॅकेज जाहीर केलं. त्यात शेतकऱ्याच्या वाट्याला काय? तर पीएम किसानचे दोन हजार, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांच्या खात्यात. ऐकायला मोठं वाटतं, आणि देशभर एका आठवड्यात एवढ्या खात्यांवर पैसे जमा करणं हे काम म्हणून मोठंच होतं. मी त्याला कमी लेखत नाही. पूर्वी तगाईचे पैसे यायला दोन मोसम लागायचे. पण हे पैसे नवे नव्हते. पीएम किसान ही योजना आधीच्या वर्षी, २४ फेब्रुवारी २०१९ ला गोरखपुरात सुरू झालेली. वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. त्यातला एप्रिल ते जुलैचा हप्ता एप्रिलच्या सुरुवातीलाच दिला. ताटातलं वाटीत. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीला मुकादम उचल देतो, तेव्हा टोळी त्याला बक्षीस म्हणत नाही.

आणि ती उचल किती पुरते? त्या बाईचंच उदाहरण घ्या. चाळीस लिटर, लिटरमागं दहा रुपये तुटले, म्हणजे दिवसाला चारशे. दोन हजार भागिले चारशे. पाच दिवस. गुरुजींच्या चौथीच्या वर्गातलं गणित आहे. चार महिन्यांचा हप्ता पाच दिवसांत संपला. पेंडीच्या पोत्याचा भाव तर लॉकडाऊन पाळत नव्हताच.

आता तुम्ही म्हणाल, रक्कम कमी होती ही तक्रार तर प्रत्येकाचीच असते. माझी तक्रार रकमेची नाही, मापाची आहे. नुकसान झालं लिटरमध्ये, भरपाई आली खातेदारावर. ज्याला एक गुंठा आहे आणि दहा गायी आहेत त्याला दोन हजार. ज्याला दहा एकर पडीक आहे, स्वतः पिंपरी-चिंचवडला राहतो, गाय फक्त कॅलेंडरवर पाहतो, त्यालाही दोन हजार. एका सातबाऱ्यावर पाच भावांची नावं असतील आणि चुली वेगळ्या असतील तर पाच दुणे दहा हजार. तेवढीच जमीन एकट्याच्या नावावर असेल तर दोनच. आणि ज्याच्याकडे फक्त गायी आहेत त्याला काहीच नाही.

सातबारा आपण रोज तोंडात घेतो, पण त्याचं नाव कशावरून पडलं ते नव्या पोरांना ठाऊक नसतं. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये मालक कोण ते, बारामध्ये पीक कोणतं ते. ह्या दोन्ही नमुन्यांत विहीर आहे, झाडं आहेत, पोटखराबा आहे, बोजा आहे. गाय नाही. ज्या जनावरावर निम्मा तालुका जगतो, त्या जनावराला सातबाऱ्यावर जागा नाही. इंग्रजांना सारा जमिनीवर वसूल करायचा होता, गायीवर नव्हे. त्यांनी वसुलीसाठी आखलेला कागद आपण मदतीसाठी वापरतोय. घेण्याच्या मापानं द्यायला गेलं की माप कुठंतरी खोटं पडणारच.

रकाना म्हणजे फक्त मालकीही नाही. पीएम किसानला १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख आहे. त्या तारखेला नाव जमिनीवर हवं. नंतर वाटणी झाली, खरेदी झाली, तर नाही. मयताच्या वारसाला तेवढी सवलत. नाव सातबाऱ्यावर मराठीत, आधारवर इंग्रजीत, बँकेत तिसऱ्याच इंग्रजीत. 'बबन'च्या पुढं बापाचं नाव एकीकडं 'रामभाऊ', दुसरीकडं 'रामा'. मी त्या उन्हाळ्यात ओसरीवर बसून किती जणांच्या स्पेलिंगा जुळवल्या त्याचा हिशोब ठेवला नाही. आमच्या धाकट्या भावाची गंमत सांगतो. त्यानं टेम्पोच्या कर्जासाठी आयकराचं विवरणपत्र भरलं होतं, त्यात काही शे रुपये कर बसला. बस्स. पुढं नोटीस आली, आयकरदाता असल्यामुळे तुम्ही अपात्र, घेतलेले सगळे हप्ते परत भरा. नियम स्पष्ट आहे, आयकर भरणारा योजनेत बसत नाही. त्यानं निमूट भरले. भरून आला आणि म्हणाला, "दादा, ज्या टेम्पोसाठी कर भरला तो लॉकडाऊनमध्ये सहा महिने दारात उभा होता, ते कुणी विचारलं नाही." मी म्हटलं, तो रकाना नाही. (हशा)

कुळाचं काय, वाटेकऱ्याचं काय, हा प्रश्न यापेक्षा खोल आहे, आणि इथं दोष कुणा एका सरकारचा नाही, आपल्या सगळ्यांच्या एका चांगल्या कायद्याचा आहे. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा. १ एप्रिल १९५७ ह्या कृषक दिनी जो कसत होता त्याला जमिनीचा मालक करायला तो निघाला. माझ्या आज्याला त्याच कायद्यानं चार एकर मिळाले, तेव्हा मी त्याच्याविरुद्ध बोलणार नाही. पण त्याचा दुसरा परिणाम असा झाला की त्यानंतर कुठल्याही मालकानं आपली जमीन वाट्यानं दिली तरी कागदावर येऊ दिली नाही. नाव लागलं की कूळ लागलं, ही भीती आजही आहे. म्हणून आज गावोगाव जमिनी वाट्यानं, खंडानं कसल्या जातात, आणि सातबाऱ्यावर मात्र सगळीकडं 'खुद्द' कसत असतो. गेल्या पिढीतल्या कुळाला ज्या कायद्यानं मालक केलं, त्याच कायद्याच्या भीतीनं या पिढीतला वाटेकरी अदृश्य झाला. २०२० मध्ये त्याच्या मेथीवर रोटाव्हेटर फिरला, आणि हप्ता मालकाच्या खात्यात गेला. काही मालकांनी तो आपणहून दिला. मला असे दोघे माहीत आहेत. दोघेच.

आपल्या सुप्यात याला आणखी एक घडी पडली. एमआयडीसीत जमीन गेली त्या घरांचा सातबारा गेला. पैसे आले, ते कुणाचे बंगल्यात, कुणाचे गाडीत, कुणाचे दुसऱ्या तालुक्यातल्या खडकात गेले. गायी मात्र राहिल्या, कारण गायींना अंगणही पुरतं, चारा विकत घेता येतो. ही घरं सरकारच्या वहीत शेतकरी नाहीत. कारखान्याच्या वहीत कंत्राटी. लॉकडाऊनमध्ये दोन्ही वह्या एकदम मिटल्या, आणि तिसरी वही, डेअरीची, ती तेवढी उघडी राहिली.

राज्य सरकारनं त्या तिसऱ्या वहीकडं पाहिलं नाही असं नाही. टाळेबंदीच्या सुरुवातीलाच निर्णय झाला की रोज दहा लाख लिटर जादा दूध सरकार पंचवीस रुपयांनी घेईल आणि त्याची भुकटी करून ठेवील. आधी दोन महिने म्हणाले, नंतर मुदत वाढली. महानंद या राज्याच्या सहकारी दूध महासंघामार्फत खरेदी. हा विचार चांगला होता, कारण माप लिटर होतं. पण राज्यात रोज संघटित क्षेत्रात गोळा होणारं दूध कोटीभर लिटरच्या वर. त्यातलं दहा लाख म्हणजे दहा-बारा किटल्यांतली एखादी. आणि ते घ्यायचं सहकारी संघांकडून, तर आपल्याकडं बहुतेकांचं दूध जातं खासगी डेअरीला. म्हणजे पुन्हा रकाना आला, या वेळी डेअरीच्या पाटीचा. एकाच वस्तीवरच्या दोन घरांत एकाचं दूध सरकारी दराच्या आसपास, दुसऱ्याचं अठरानं. गायी एकाच गोठ्यात जन्मलेल्या, सख्ख्या बहिणी म्हणा.

म्हणून जुलैमध्ये आंदोलनं पेटली. २० जुलैला किसान सभेनं, अकोले तालुक्यातल्या अजित नवलेंनी, दगडाला दुधाचा अभिषेक घालायला लावला. लगेच स्वाभिमानी शेतकरी संघटनेचं झालं, १ ऑगस्टला विरोधी पक्षांचं झालं. मागणी कुणाची पाच, कुणाची दहा, पण एका गोष्टीवर बऱ्याच जणांचं एकमत होतं: लिटरमागं अनुदान द्या, आणि ते थेट आमच्या खात्यात द्या. हे 'थेट' आपल्याला अनुभवानं सुचलं होतं. २०१८ च्या जुलैतल्या आंदोलनानंतर पाच रुपयांचं अनुदान झालं होतं, ते दूध घेणाऱ्यांच्या मार्फत. संकलन केंद्रापर्यंत येता येता ते कितीचं राहतं याची चर्चा मी इथं करत नाही, समोर डेअरीचालकही बसलेत.

त्याच वर्षी अमेरिकेतही दूध मातीत ओतलं जात होतं. विस्कॉन्सिनच्या शेतकऱ्यांनी एप्रिलमध्ये टाक्या मोकळ्या केल्या. तिथल्या कृषी खात्यानं १७ एप्रिल २०२० ला १९ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली, त्यातले १६ अब्ज थेट शेतकरी आणि पशुपालकांना. तिथल्या काउंटीच्या, म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारख्या भागाच्या, कार्यालयात फोनवरून अर्ज करायचा, आकडे स्वतःच भरून सही करायची, पुरावा मागितला तर दाखवायचा. आणि रकाने कोणते? जमिनीचा उतारा नाही. वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत दूध किती निघालं, गुरं किती विकली, दावणीला किती राहिली. विकलेल्या कोकरामागं ३३ डॉलर असाही एक रकाना होता. दुधाला दोन भाग मिळून शंभर पौंडामागं सहा डॉलरच्या वर. शंभर पौंड म्हणजे चव्वेचाळीसेक लिटर, तेव्हाचा डॉलर पंच्याहत्तर रुपये. मी पुन्हा पुन्हा गुणून पाहिलं. लिटरमागं दहा-साडेदहा रुपये येतात. त्यात पुढच्या तिमाहीचं नुकसानही धरलेलं होतं, म्हणून हवं तर मनातल्या मनात निम्मे करा. तरी आपल्या आंदोलनात जो आकडा फलकावर होता, त्याच्याच घरातला तो आकडा आहे.

थांबा, टाळ्या नकोत. तिथल्या रकान्याचीही दुसरी बाजू आहे. लिटर मोजले की ज्याचे लिटर जास्त त्याला पैसे जास्त. एका माणसाला अडीच लाख डॉलरची मर्यादा होती, आणि तीन भागीदारांच्या कंपनीला साडेसात लाखांपर्यंत. हजारो गायींच्या गोठ्यांना ही मर्यादा गाठायला किती वेळ लागणार? चाळीस गायींच्या कुटुंबाला चाळीस गायींचंच मिळालं. त्या एका वर्षात सगळ्या योजना मिळून अमेरिकी सरकारनं शेतीत थेट जवळजवळ ४६ अब्ज डॉलर ओतले, तोपर्यंतचा उच्चांक. आपल्या मापात तोट्याला किंमत नाही, त्यांच्या मापात गरजेला किंमत नाही. मला निवडायला सांगाल तर मी त्यांचा रकाना आणि आपली मर्यादा घेईन: लिटर मोजा, पण पहिल्या पन्नास लिटरांपर्यंतच पैसे द्या. हे माझं मत, कुणी विचारलेलं नाही.

आपल्या तालुक्याला वेगळं माप माहीत नाही असंही नाही. १९७२ चा दुष्काळ समोरच्या पांढऱ्या केसांना आठवत असेल. लाल मिलो, सुकडी, आणि पाझर तलावाच्या पाळीवर मातीच्या पाट्या. तेव्हा सातबारा कुणी विचारला नाही. मोजली जायची ती उपसलेली माती. पाटलाची सून आणि सालगड्याची बायको एकाच खड्ड्यात होत्या. वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेली रोजगार हमी त्यातूनच उभी राहिली. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. तिच्यासाठी पगारदारांवर व्यवसाय कर बसला, म्हणजे मुंबईतला कारकून आपल्या तलावाची पाळ बांधत होता. तिथंही मस्टरवर मेलेली माणसं माती उपसायची, हे मी दप्तर सांभाळलेला माणूस म्हणून कबूल करतो. पण जिवंत माणूस हजेरीतून सुटत नव्हता. २०२० मध्ये रोजगार हमीचा दर आपल्या राज्यात २०६ वरून २३८ झाला, पण साथीत गर्दीची कामं कोण काढणार? आणि गोठा सोडून कोण जाणार?

त्याहून मागं जायचं तर १८७५. दख्खनचे दंगे म्हणतात ते. आपले काही उत्साही वक्ते छाती फुगवून सांगतात की दंगा सुप्यात सुरू झाला. झाला, १२ मे ला, बाजारच्या दिवशी. पण ते सुपे भीमथडीचं, आजच्या बारामती तालुक्यातलं. आपलं नाही. (नावाचा घोटाळा आपल्या नशिबात पूर्वीपासून आहे, पीएम किसानला दोष कशाला द्या.) मात्र लोण आपल्या पारनेर तालुक्यापर्यंत आलं होतं हे खरं. लोकांनी त्या दंग्यात माणसं फारशी मारली नाहीत. सावकाराच्या घरातून रोखे, खतं काढली आणि पेटवली. त्यांचं भांडण कागदाशी होतं. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, पुणे, सातारा, सोलापूर आणि आपला नगर जिल्हा ह्या चौघांसाठी दख्खन कृषक कायदा आला, आणि त्यात पहिलंच काम काय करावं लागलं? 'शेतकरी' म्हणजे कोण, त्याची व्याख्या. कोर्टात त्यावरून वकील भांडायचे. दीडशे वर्षं होत आली, आपण तोच शब्द घेऊन बसलोय. फरक इतकाच की पणजोबांनी कागद जाळला आणि आपण झेरॉक्स काढतो.

मेंढपाळांबद्दल दोन शब्द, कारण त्यांच्याबद्दल कुठल्याच व्याख्यानात कुणी बोलत नाही. ढवळपुरीकडचे वाडे दिवाळीनंतर घाट उतरतात आणि पावसाआधी परत येतात. मार्च २०२० ला टाळेबंदी झाली तेव्हा माणसं, मेंढरं, घोडी, पोरं सगळी घाटाखाली. रेशनकार्ड गावात, मोफतचा पाच किलो तांदूळ गावाच्या दुकानात. बोकड-मेंढ्यांचे आठवडे बाजार बंद. शेतात मेंढरं बसवायची तर गावकरी म्हणायचे, लांब राहा, रोग आणाल. यांच्यातल्या किती जणांच्या नावे जमीन आहे? त्यांचा सातबारा चार पायांवर चालतो. केंद्रानं त्या वर्षी पशुपालकांसाठी किसान क्रेडिट कार्डाची मोहीम काढली, दीड कोटी दूध उत्पादकांना कार्ड द्यायचं म्हणून. पशुसंवर्धनाच्या पायाभूत सोयींसाठी १५ हजार कोटींचा निधी काढला. दोन्ही कर्जं. त्या मोहिमेतलं कार्ड गाठायला सुद्धा दूध संघाशी जोडलेलं असावं लागायचं. मेंढरू कुठल्या संघाला दूध घालतं?

आपल्याच तालुक्यातल्या भाळवणीच्या कोविड सेंटरची गोष्ट सगळीकडं गेली, आणि जावी अशीच होती. तिथं लोकांनी धान्य दिलं, दूध दिलं, अंडी दिली. दूध देणाऱ्यांना ते दूध त्या दिवशी काय भावानं पडलं होतं, एवढं माझ्या मनात येऊन जायचं.

पुढचं थोडक्यात. २०२३ मध्ये राज्यानं आपले सहा हजार वर घातले, नमो शेतकरी महासन्मान. पहिला हप्ता २६ ऑक्टोबरला आपल्याच जिल्ह्यात, शिर्डीत सुटला. माप तेच, खातेदार. पण २०२४ च्या जानेवारीत एक वेगळी गोष्ट झाली, तिच्याकडं मला तुमचं लक्ष वेधायचं आहे. दुधाचा भाव पुन्हा पडला होता. सरकारनं ११ जानेवारीपासून लिटरमागं पाच रुपये जाहीर केले. डेअरीनं सत्तावीस द्यायचे, वर सरकारचे पाच, थेट उत्पादकाच्या खात्यात, आणि खासगी डेअरीलाही लागू. अट एक: गायीच्या कानात बिल्ला हवा, पिवळा, बारा आकडी. बिल्ल्याचा नंबर, आधार, बँक खातं आणि डेअरीतला कोड, चौघांची गाठ बसली पाहिजे. पुढं जुलैत तीस अधिक पाच झालं, ऑक्टोबरात अठ्ठावीस अधिक सात. पैसे उशिरा आले, काहींचे अडकले, माहिती भरायला डेअऱ्यांनी टाळाटाळ केली, ती सगळी रड तुम्हाला पाठ आहे. पण सातबाऱ्याला जे इतक्या वर्षांत जमलं नाही ते झालं. गायीला रकाना मिळाला.

बिल्ले मारायला माणसं आली तेव्हा ती शेजारची बाई मला बोलवायला आली. गोठ्यात चारी गायी बांधलेल्या, कान फडफडवत होत्या. टॅबवर माहिती भरणारा पोरगा विचारत होता, मालक कोण? नवरा म्हणाला, लावा माझं नाव. तिनं विचारलं, "दूध कुणाच्या कोडवर जातं?" पोरानं डेअरीची पावती मागितली. तिनं डब्यातून काढली. चार वर्षं झाली होती, तरी पावतीवर नाव म्हाताऱ्याचंच. रोज पहाटे ती धार काढायची, तीच किटली उचलायची, आणि दूध मयताच्या नावावर जमा व्हायचं. कुणाला खटकलं नव्हतं. पाच रुपयांसाठी पहिल्यांदा खटकलं.

नवरा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "कर तुझ्या नावावर. पहाटे मी थोडाच उठतो."

महिनाभरानं ती नव्या कोडची पहिली पावती घेऊन ओसरीवर आली. फॅट तीन सहा, एसएनएफ आठ पाच, लिटर अठरा, आणि खाली इंग्रजीत छापलेलं तिचं नाव. "भाऊसाहेब, नाव बरोबर आहे ना?" मी चष्मा लावून पाहिलं. मधे एक अक्षर जास्तीचं पडलं होतं.

म्हटलं, आधार कार्ड घेऊन ये, आणि येताना दोन झेरॉक्स.